भातवडीचा फोडलेला तलाव ते सीनेची निळी रेषा

आजचा धागा लांबला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. विषय आमच्या जिल्ह्याचा आहे आणि जिल्हा दुष्काळी म्हणून ओळखला जातो. म्हणून ‘अहिल्यानगर आणि पूर’ असे शब्द एकत्र वाचून अनेकांना नवल वाटेल. सुरुवात मात्र सर्वांच्या परिचयाच्या लढाईपासून करू.

इ. स. १६२४. भातवडी. एका बाजूला मोगल आणि आदिलशाही यांची संयुक्त फौज, दुसऱ्या बाजूला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर आणि त्याच्याबरोबर शहाजीराजे, शरीफजीराजे यांच्यासारखे मराठा सरदार. शरीफजीराजे याच लढाईत पडले, हे आपण जाणतो. आदिलशाही सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला, मोगल सरदार लष्करखान कैद झाला, हेही वाचलेले असते. पण या विजयाचा निम्मा वाटा एका तलावाचा आहे आणि त्याचा उल्लेख आपल्या कथनांत एका ओळीत आटोपला जातो. पावसाळा सरत आलेला होता. अंबराने भातोडीच्या तलावाचा बांध फोडला, पाणी सखल रानात सोडले, आणि शत्रूच्या छावणीभोवतालच्या वाटा चिखलाने बंद केल्या. रसद तुटली, जनावरे रुतली, तोफा हलेनात. संख्येने भारी असलेली फौज आपल्याच तळावर अडकून पडली.

युद्धनीतीचे विद्यार्थी येथे गनिमी काव्याचे कौतुक करतात. मला येथे दुसरा प्रश्न पडतो. कुठला बांध, कुठे आणि केव्हा फोडला म्हणजे पाणी नेमके कोणत्या रानात पसरेल, हे अंबराला कसे कळले? उतार ठाऊक असल्याशिवाय हे जमत नाही. ओढ्यांच्या वाटा, मातीचा पोत, तलावात त्या दिवशी किती पाणी आहे, या साऱ्याचा हिशेब कुणाच्या तरी डोक्यात पक्का असला पाहिजे. तो हिशेब निजामशाहीत होता. कारण पाण्याचे काम हा त्या राज्याच्या कारभाराचा नित्याचा भाग होता. खुद्द भातोडीचा तलाव मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याच्या काळातला मानला जातो. हाच सलाबतखान, ज्याच्या कबरीला आपण अजूनही ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतो. (ती चांदबिबीची नाही. हे वाक्य मी वर्षातून निदान चार वेळा लिहितो आणि पुढेही लिहीत राहीन.)

आता शहराकडे येऊ.

मलिक अहमदने २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ बहमनी सैन्याचा पराभव केला आणि चार वर्षांनी, १४९४ मध्ये, त्याच परिसरात आपली नवी राजधानी वसवायला घेतली. शहर सीना नदीच्या डाव्या काठावर. सीनेचे दोन प्रवाह आहेत: एक पश्चिमेकडून जामगावच्या बाजूने येतो, दुसरा ईशान्येकडून जेऊरच्या बाजूने. दोन्हींचे पाणलोट उथळ डोंगररांगांचे, झाडी विरळ, मुरूम आणि काळा खडक. शहराचा वार्षिक पाऊस सरासरी ५५० ते ६०० मिमी. म्हणजे सीना वर्षातले बहुतेक दिवस नावापुरती नदी असते. पण त्या सहाशेपैकी शंभर मिमी एका रात्रीत पडले, तर डोंगरउतारावरून ते पाणी थांबत नाही. काही तासांत नदी फुगते आणि काही तासांत ओसरते. शांत बारमाही नदीच्या काठी राहणे आणि अशा नदीच्या काठी राहणे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत.

निजामशाही वास्तुकारांनी या नदीशी कसे वागायचे ठरवले, ते त्यांच्या इमारतींच्या जागा पाहून कळते. राजधानीचे मुख्य स्थान, म्हणजे आधीचा बाग निजाम आणि नंतरचा भुईकोट किल्ला, नदीपासून दूर पूर्वेकडे आहे. फराहबाग शहराच्या आग्नेयेला, हश्त बिहिश्त बाग उत्तरेकडे. राजवाडे, हमामखाने, कारंजी यांपैकी कशासाठीही सीनेच्या पात्राचा आधार घेतलेला नाही. राजधानी नदीकाठी, पण तिचे पाणी नदीचे नाही! कपूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार, शहापूर या बाजूंच्या चढावरच्या जमिनीतून भूमिगत नहरींनी ते आणले गेले.

नहरींचे तंत्र इराणी कनातीशी नाते सांगणारे आहे. डोंगरपायथ्याशी विहिरी खोदायच्या, त्यांत झिरपणारे पाणी जमिनीखालून, अगदी किंचित उतार देत, शहराकडे न्यायचे. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास ठेवायचे, म्हणजे हवा खेळती राहते आणि आत उतरून गाळ काढता येतो. शहराजवळ आल्यावर खापरी नळांतून ते हौदांत आणि मशिदी-हमामांत वाटायचे. उतार जास्त झाला तर पाणी नळ फोडते, कमी झाला तर गाळ बसतो. पंप नाही, मोटार नाही. सगळे काम उताराचे. १५८३ मध्ये सलाबतखानाच्या देखरेखीखाली पुरा झालेला फराहबाग महाल चौफेर पाण्याच्या मधोमध उभा केला, तोही याच व्यवस्थेच्या भरवशावर. जिथे उन्हाळ्यात नदी कोरडी पडते त्या मुलखात पाण्याने वेढलेला महाल बांधणे म्हणजे राजाचा थाट होता, हे खरे. त्याहून अधिक ते अभियंत्याचे प्रात्यक्षिक होते.

येथे एक सावधगिरीचा शब्द. नहरी पूर रोखण्यासाठी खोदल्या होत्या, असे काही उत्साही लेखांत वाचायला मिळते. तसे नाही. नहर झिरप टिपते. ढगफुटीचे लोंढे ती अडवू शकत नाही. परंतु नहरींमुळे एक गोष्ट शक्य झाली: शहराला पाण्यासाठी नदीच्या पात्रात उतरण्याची गरज राहिली नाही. महत्त्वाच्या इमारती उंचवट्यावर ठेवता आल्या, नदीचा काठ मोकळा सोडता आला. त्या मोकळ्या काठावर काय होते? बागा होत्या, आणि कबरी. खुद्द अहमद निजामशहाची कबर असलेला बागरोजा सीनेच्या डाव्या काठाशी आहे. काळ्या दगडाची भक्कम चौथऱ्यावरची इमारत, भोवती बाग. पूर आला तर बागेत पाणी शिरेल, चिखल बसेल आणि ओसरेल. संसार वाहून जाणार नाही. आज आपण ‘पूरक्षेत्रात बगीचे व क्रीडांगणे असावीत’ असे नियमावलीत लिहितो, त्याची ही जुनी आवृत्ती म्हणता येईल. त्यांनी ती नियम म्हणून केली की केवळ सोयीने घडली, हे दगड सांगत नाहीत. पण जागेची निवड आंधळी नव्हती एवढे नक्की.

आता जिल्ह्याच्या उत्तरेला चला, कारण तिथली कहाणी अगदी उलट आहे.

गोदावरी आणि प्रवरा या सीनेसारख्या नाहीत. त्यांचा उगम सह्याद्रीत, आणि सह्याद्रीचा पाऊस म्हणजे वेगळाच प्रदेश. भंडारदऱ्याच्या वर घाटघर-रतनवाडी परिसरात वर्षाला ५,००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. तेथून शे-सव्वाशे किलोमीटरवर, त्याच नदीच्या काठी असलेल्या नेवाशात तो सहाशेच्या आगेमागे असतो. म्हणून नेवाशातला पूर विचित्र असतो: डोक्यावर ऊन, पायाखाली धूळ, आणि नदी दुथडी भरून चाललेली. आभाळाकडे पाहून अंदाज बांधण्याची सोय नाही. अशा नदीकाठी माणूस किमान तीन हजार वर्षे राहतो आहे. जोर्वे, दायमाबाद, नेवासे ही ताम्रपाषाणयुगीन स्थळे प्रवरेच्याच काठची, आणि त्यांपैकी संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावाचे नाव तर एका संपूर्ण संस्कृतीला मिळाले. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला याच जोर्वे संस्कृतीच्या थरांत पाण्याचा पाट आणि बांध सापडला. नदीचे पाणी वळवणे आणि थोपवणे हा आपल्याकडचा अतिशय जुना उद्योग आहे.

या काठांवर मराठा काळात जे बांधले गेले, त्यात नदीला पाठ दाखवलेली नाही. पुणतांब्याला या. गोदावरीच्या उजव्या काठावरचे हे तटबंदीचे गाव, चांगदेवांच्या समाधीचे. (२०१७ चा शेतकरी संप सुरू झाला तेही हेच गाव.) येथील एक घाट अहिल्याबाई होळकरांचा. बाईंचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, म्हणजे सीनाकाठचा. वर्षातून आठ महिने कोरड्या असणाऱ्या नदीच्या काठी वाढलेल्या मुलीने पुढे काशीपासून नर्मदेपर्यंत घाट बांधले. इतिहासात अशा गोष्टींतून अर्थ काढण्याचा मोह आवरावा लागतो. मी येथे आवरतो.

घाटाला आपण धार्मिक वास्तू समजतो. स्नान, श्राद्ध, दीपोत्सव. पण नदीकाठच्या गावाला घाट काय देतो, ते जरा बांधकामाच्या अंगाने पाहू. गोदावरीचा कोपरगाव-पुणतांबा पट्ट्यातला काठ खोल गाळमातीचा आहे. पुराच्या धारेने अशी माती तळातून पोखरली जाते आणि वरचा काठ गावासकट ढासळतो. पायऱ्यांचा दगडी उतार या मातीवर चिलखतासारखा बसतो. मधूनमधून पुढे काढलेले बुरूज प्रवाहाला काठापासून बाजूला ढकलतात. मराठाकालीन अनेक घाटांत दगड एकमेकांना लोखंडी आकड्यांनी जोडून त्यांत शिसे ओतलेले दिसते. कारण पुराचे पाणी दगडाला जितके पुढून ढकलते तितकेच ओसरताना मागून, भिजलेल्या मातीच्या दाबाने, बाहेर लोटते. म्हणूनच सांध्यांतून पाणी निथळू देणे महत्त्वाचे असते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि पायऱ्या म्हणजे मोजपट्टी. पाणी कितव्या पायरीवर आहे, यावरून गावाला पुढे काय करायचे ते कळे. नाशिकला हे काम दुतोंड्या मारुती करतो. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला लागले, ही भाषा आजही वर्तमानपत्रांत येते, आणि खाली कोपरगावकर ती बातमी नाशिककरांपेक्षा अधिक काळजीने वाचतात, कारण तेच पाणी थोड्या वेळाने त्यांच्या दारात यायचे असते. नारोशंकराच्या देवळाची घंटा पुरात बुडाली की पूर मोठा, अशीही जुनी खूण. नदीकाठची वास्तू आणि पूरमापक अशी वेगळी खाती त्या लोकांनी पाडलीच नव्हती.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे बुडण्याची तयारी. टोके-प्रवरासंगम येथे, प्रवरा गोदावरीला मिळते तिथे, सिद्धेश्वराचे पेशवेकालीन देऊळ आहे. अशा संगमावरच्या वास्तूत सखल भागात लाकूड जवळजवळ नसते. घडीव दगड, भरीव जोते, पाण्याला शिरायला आणि निघायला वाट. वाडे मात्र सागवानी, म्हणून ते वरच्या अंगाला. कोपरगावला रघुनाथरावांचा वाडा आहे. राघोबादादांचे अखेरचे दिवस याच गावात गेले, ११ डिसेंबर १७८३ रोजी ते येथेच वारले. शेजारी शुक्राचार्यांच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेले बेट. गावाचे नावच ‘बेट’. नदी आपले पात्र बदलते, फाटते, माणसांना वेढते, याची आठवण त्या एका शब्दात साठवलेली आहे. नेवाशाचे मोहिनीराजाचे देऊळ अठराव्या शतकात होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधवले; तेही उंच जोत्यावरचे, दगडाचे. पाणी येणार हे गृहीत धरून, ते गेल्यावर काय उरेल याचा विचार या बांधकामांत दिसतो.

मग हे सगळे बिघडले केव्हा?

मला सापडणारे उत्तर थोडे अडचणीचे आहे, कारण बिघाडाची सुरुवात एका चांगल्या कामातून झाली. १८७६-७८, १८९६-९७, १८९९-१९०० या दुष्काळांनी नगर जिल्हा उद्ध्वस्त केला. सरकारने १९०१ मध्ये सिंचन आयोग नेमला. त्याने दख्खनच्या अवर्षणप्रवण पट्ट्यासाठी संरक्षक सिंचनाच्या योजना सुचवल्या. त्यांतून गोदावरीवर नांदूर मधमेश्वरचा बंधारा आणि त्याला पाणी पुरवणारे दारणा धरण झाले, आणि दोन्ही काठांनी कालवे निघून कोपरगाव भागात आले. प्रवरेवर १९१० मध्ये भंडारदऱ्याचे काम सुरू झाले. १० डिसेंबर १९२६ रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ८२ मीटर उंचीचे हे दगडी धरण तेव्हा देशातले सर्वांत उंच होते. भातोडीचा पडझड झालेला जुना तलावही याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्रजांनी दुरुस्त करून सिंचनाला लावला होता. अंबराने ज्या पाण्याने शत्रू बुडवला, त्याचे आता तास-दिवसांच्या हिशेबाने पाट निघू लागले.

कालव्यांनी जिल्ह्याचा उत्तर भाग ओळखू येईनासा केला. हरेगाव, साकरवाडी, चांगदेवनगर, टिळकनगर येथे खासगी साखर कारखाने उभे राहिले. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखाना निघून १९५० मध्ये त्याचे धुराडे पेटले. श्रीरामपूर हे शहर तर रेल्वे स्थानकाभोवती आणि ऊस-पैशावर उभे राहिलेले. गोदाकाठचा कोपरगाव तालुका ऊस, साखर आणि मद्यार्काचा तालुका झाला. इकडे नगर शहराजवळ नागापूरला औद्योगिक वसाहत आली. लुना नावाची मोपेड ज्या शहरातून देशभर गेली ते हेच शहर. आणि १९७० च्या दशकात मुळा धरण झाल्यावर नगरच्या नळांना बारागाव नांदूरहून पाणी येऊ लागले.

या प्रत्येक पावलाने माणसाचे भले झाले. मी स्वतः मुळेच्या पाण्यावर वाढलो आहे, तक्रार कोणत्या तोंडाने करू? पण या प्रत्येक पावलाने नदीचे पात्र अधिकाधिक काळ रिकामे राहू लागले, हेही तितकेच खरे. पूर्वी दरवर्षी येणारा लहान पूर धरणात अडला. चार-दोन पायऱ्या भिजवणारे, लोकांना सावध ठेवणारे पाणी आलेच नाही. सलग पाच-सहा वर्षे पात्र कोरडे दिसले की पुढच्या पिढीला ते पात्र न वाटता मोकळी जागा वाटते. आधी भाजीचे मळे, मग पत्र्याची शेड, मग गाळे, मग रस्ता. मोठा पूर मात्र धरणाने अडत नाही. धरण भरलेले असताना वरून लोंढा आला की दारे उघडावीच लागतात, आणि जे पाणी पूर्वी चढत चढत आले असते ते आता सोडलेले म्हणून येते.

ही धरणे पूरनियंत्रणासाठी बांधलेली नाहीत, हे येथे स्पष्ट समजून घ्यायला हवे. पूर अडवायचा तर धरण पावसाळ्यात रिकामे ठेवायला हवे; सिंचनाला पाणी हवे तर ते लवकर भरायला हवे. एकाच भांड्याकडून दोन विरुद्ध कामे. कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा याची वेळापत्रके असतात, अभियंते ती पाळतातही. पण ऑगस्टमध्ये पाणी सोडून दिले आणि सप्टेंबर कोरडा गेला, तर त्या अभियंत्याचे काय होईल, याची कल्पना आपल्या जिल्ह्यात राहणाऱ्याला वेगळी द्यायला नको. त्यात खाली जायकवाडी. २०१४ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या आदेशानंतर नगर-नाशिकच्या धरणांतून मराठवाड्याला किती पाणी सोडायचे, यावर दर दुष्काळी वर्षी मोर्चे निघतात. ज्या पाण्याच्या थेंबासाठी ऑक्टोबरात न्यायालय गाठायचे, तेच ऑगस्टात दाराबाहेर काढण्यासाठी वाळूची पोती रचायची.

जायकवाडीने टोक्याच्या संगमाचेही रूप पालटले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेले आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण केलेले हे धरण १०२ टीएमसीचे. नेवासे आणि शेवगाव तालुक्यांतली कित्येक गावे, त्यांची देवळे-वेशींसकट, नाथसागराखाली गेली. जलाशय भरलेला असतो तेव्हा फुगवटा संगमापर्यंत येतो. म्हणजे जो घाट वाहत्या पाण्यासाठी, चढून ओसरणाऱ्या पुरासाठी बांधला होता, तो आता महिनोन्‌महिने संथ पाण्यात भिजत राहतो. चुन्याच्या बांधकामाला ओल-सुकीचे चक्र सोसते. सततची ओल वेगळी. पुराने जे मोडले नाही, ते साठलेल्या पाण्याने सैल होत आहे.

आणि भंडारदरा? ज्या धरणाला आपण आधुनिकतेचे प्रतीक मानतो, ते स्वतःच आता ऐतिहासिक वास्तू आहे. १९६९ मध्ये त्यात गंभीर गळती आणि तडे दिसले. पुढे मागील अंगाला आधारभिंती देऊन ते मजबूत करण्यात आले. २०२६ मध्ये त्याला शंभर वर्षे होतात. वारसास्थळाच्या जतनाची चर्चा करताना आपल्याला देवळे, दर्गे आणि किल्ले आठवतात. ज्या एका दगडी भिंतीवर अकोल्यापासून नेवाशापर्यंतच्या साऱ्या देवळांची, वाड्यांची आणि आपलीही सुरक्षितता अवलंबून आहे, ती या यादीत कुणी धरत नाही. माझ्या मते तिचे नाव यादीत सर्वांत वर हवे.

पुन्हा सीनेकडे. सीनेवर शहराच्या वरच्या अंगाला मोठे धरण नाही, म्हणून तिच्या पुराचे खापर फोडायला दारे उघडणारा कुणी सापडत नाही. शहरात कल्याण रस्त्यावर पुलावरून पाणी गेले की वाहतूक थांबते, लोक छायाचित्रे काढतात, दुसऱ्या दिवशी पाणी उतरते. जलसंपदा विभागाच्या व्याख्येप्रमाणे निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये अटींसह परवानगी. सीनेच्या पूररेषेवरून शहरात वर्षानुवर्षे वाद आहे. रेषा फार रुंद आहे, चुकीची आहे, ती पुन्हा आखा, अशा मागण्या होतात. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून तिथे घर घेतले, त्यांच्या बाजूनेही बोलायला हवे. कागदावर रेषा नंतर आली आणि घर आधी उभे राहिले, यात त्यांचा दोष नाही. पण नदीला ही बाजू ऐकवता येत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात याच सीनेने खाली माढा, मोहोळ परिसरात काय केले, ते आपण पाहिले आहे.

पूररेषा आखताना गणित लागते: पाणलोटाचे क्षेत्र, पावसाच्या नोंदी, पात्राचे छेद. नोंदी फार तर शे-दीडशे वर्षांच्या. त्यापलीकडचा पुरावा कुठे शोधायचा? मला वाटते, तिथे आपले, म्हणजे इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे, काम सुरू होते. बागरोज्याचे जोते पात्रापासून किती उंचीवर आहे, पाच शतके ते ज्या पातळीवर टिकले ती पातळी लाल रेषेच्या वर आहे की खाली? पुणतांब्याच्या घाटाची कोणती पायरी सर्वांत जास्त झिजली आहे? वाड्यांच्या दगडी जोत्याची उंची कुठे बदलते आणि त्यावर लाकूड कुठून सुरू होते? ही मोजमापे घ्यायला एक साधे पातळीयंत्र आणि दोन दिवस पुरतात.

गेल्या वर्षी मी हे करून पाहिले. एका गावात (नाव देत नाही) घाटाचे ‘सुशोभीकरण’ नुकतेच संपले होते. जुन्या पायऱ्यांवर सिमेंटचा थर, वर गुळगुळीत फरशी, काठाला स्टीलचे कठडे. मोजण्यासारखे काही उरलेच नव्हते. पायऱ्यांचे सांधे बुजल्यामुळे मागच्या मातीतले पाणी निथळायला जागा नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर एका कोपऱ्यात फरशी फुगून वर आलेली दिसत होती. मी यंत्र घेऊन उभा असलेला पाहून एक आजोबा जवळ आले. काय मोजतोस, म्हणाले. पूर किती वर यायचा ते पाहतो, म्हटले. त्यांनी फरशीकडे एकदा पाहिले, मग थोडे बाजूला, पिंपळाच्या पाराकडे नेले. पाराच्या दगडावर एक आडवी चीर कोरलेली होती, बोटभर लांब. त्यांच्या आजोबांनी त्यांना ती दाखवली होती. कोणत्या सालची ते त्यांना ठाऊक नव्हते. पातळी घेतली तेव्हा ती चीर नव्या कठड्याच्या वरच्या नळीपेक्षा हातभर उंच निघाली.

तेव्हा एक विनंती. तुमच्या गावात देवळाच्या खांबावर, वेशीवर, पारावर, वाड्याच्या भिंतीवर पुराची अशी एखादी खूण असेल, तर तिचे छायाचित्र येथे टाका. शेजारी मोजपट्टी किंवा निदान एखादी वीट ठेवा, म्हणजे उंचीचा अंदाज येईल. नदीचे नाव आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले साल, बरोबर असो वा चूक, तेही लिहा. सीना, प्रवरा, मुळा, गोदावरी, घोड, कुकडी, कोणतीही चालेल. रंगरंगोटी व्हायच्या आत पाठवा.